पहिलं तेल

क्रुसाजवळचा फणस गेल्या वर्षी पावसात आडवा झाला तेव्हा पाखाडीतल्या लोकांनी घटकाभर हळहळ केली आणि मग लगेच भांडण काढलं. महापालिकेची माणसं करवती घेऊन आली होती, ओंडके गाडीत घालून न्यायच्या बेतात होती, आणि इथे लाकूड कुणाचं यावर जुंपलेली. कुणी म्हणे चर्चचं, कुणी म्हणे पाखाडीचं. नेव्हिल म्हणे, फांदी माझ्या पत्र्यावर पडली, पत्रा माझा फुटला, तर लाकूडही माझंच. शेवटी नातालीन मावशी काठी टेकत आली आणि सगळ्यांत जाड ओंडक्यावर बसली. "आधी मला उचला, मग लाकूड उचला," म्हणाली. मावशीला उचलायची कुणाची छाती नव्हती. गाडी रिकामी परत गेली.

अंधेरीच्या पूर्वेला, मेट्रोच्या खांबांमागे, काचेच्या इमारतींच्या सावलीत ही पाखाडी, ख्रिस्ती शेतकऱ्यांची जुनी वस्ती, अजून तग धरून आहे. शेतं कधीच गेली, त्यांच्यावर ऑफिसं उभी राहिली. तरी ऑक्टोबरात आगेरा, म्हणजे नव्या पिकाचा सण, आला की मनोरीच्या पाहुण्यांकडून भाताच्या ओंब्या येतात, बँड लावून चर्चमध्ये जातात, फादर त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतात, आणि ज्यांनी जन्मात नांगर धरला नाही अशी माणसंही नव्या दाण्यापुढे हात जोडतात.

लाकडाचं काय करायचं याची मीटिंग चर्चच्या हॉलमध्ये झाली. नेव्हिल कमिटीचा सेक्रेटरी. तो म्हणाला, "घरटी एक वाडगा करू. पुढच्या आगेऱ्याला नवे दाणे त्यात घालून घरी न्यायचे. देवनारला एक मशीनवाला आहे माझ्या ओळखीचा, फटाफट काढून देईल."

"आणि मी इथे मेलोय काय?" मागून इसिडोर ओरडला.

हॉल हसला. इसिडोरला हे हसणं चढलं. तो उठून उभाच राहिला. "घरटी एक काय घेऊन बसलास, नेव्हिल? लग्न होऊन गेलेल्या मुलींनाही एकेक देतो. पाखाडीचं झाड आहे, त्याला पाखाडीचाच हात लागला पाहिजे." टाळ्या पडल्या. फादरांनीसुद्धा वाजवल्या.

घरी येताना त्याची बायको ज्युलिया म्हणाली, "लग्न होऊन गेलेल्या मुली किती आहेत, ठाऊक आहे तुला?"

"असतील."

"असतील काय? एकट्या नातालीन मावशीच्याच सहा."

"सहा तर सहा. तू आधीच नाट लावू नकोस."

इसिडोर कातारी होता. पडवीत बापाच्या वेळचा लेथ, त्यावर पलंगाचे पाय, पाळण्याचे दांडे, जिन्याच्या कठड्याचे खांब कातून द्यायचे. हत्यार धरावं तर त्यानंच, असं लोक म्हणत आणि त्याहून जास्त तो स्वतः म्हणे. पण कातून झालं की घासकाम ज्युलियाचं. ती लग्न होऊन आली त्या वर्षीच सासऱ्यानं तिच्या हातात काचकागदाचा तुकडा दिला होता आणि तिनं घासलेल्या पलंगाच्या पायावरून अंगठा फिरवून म्हणाला होता, हिच्या बोटाला चरा कळतो. तेव्हापासून कुठल्या लाकडाला कुठल्या नंबराच्या कागदापासून सुरुवात करायची, कुठे थांबायचं, हे तीच ठरवी. दुकानातून कागदही तीच निवडून आणी. बाहेर मात्र लोक म्हणत, इसिडोरचं फिनिशिंग काय झकास आहे, आणि इसिडोर मान डोलावून ते घेई. ज्युलियाला त्याचं काही वाटत नसे, किंवा वाटत असलं तरी ती बोलत नसे.

पाखाडीत एक जुनी रीत आहे, ती इथेच सांगून टाकलेली बरी. नवं लाकडी भांडं करणाऱ्यानं त्याला तेल लावायचं नाही. काठवट असो की पोळपाट, ते कोरडंच घरात द्यायचं. पहिलं तेल घरच्या बाईनं, आपल्या घरातल्या बाटलीतलं, आपल्या हातानं लावायचं. त्याशिवाय ते भांडं घराचं होत नाही. या वेळी तर नातालीन मावशीनं ठरवूनच टाकलं होतं की फादरांचा आशीर्वाद झाला की सगळ्या बायांनी क्रुसापाशी उभं राहून एकदमच तेल लावायचं.

लाकूड ओलं होतं. इसिडोरनं पावसाळ्यातच वाडगे जाडजूड कातून भुशात पुरून ठेवले, म्हणजे ते सावकाश सुकतील आणि फुटणार नाहीत. इथवर सगळं शहाण्यासारखं झालं. उन्हाळ्यात ते बाहेर काढून बारीक कातायचे होते. पण उन्हाळ्यात वाकोल्याचं जिन्याचं काम आलं, मग आणखी कुठलं आलं, आणि वाडग्यांचा विषय निघाला की इसिडोर म्हणे, "होतील रे, ते काय, हातचं काम आहे." जून गेला, जुलै गेला. ऑगस्टमध्ये तो तापानं फणफणला. अंगात ताकद आली आणि भुशातून वाडगे काढून त्यानं पडवीत रचले, तेव्हा ती रास त्यानं दोनदा मोजून बघितली. बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता.

लेथ एकच. त्याच्यावर इसिडोर वाडगा कातून बारीक करी, आणि वाडगा तसाच फिरता ठेवून ज्युलिया तो घाशी. म्हणजे ती घासत असेतोवर इसिडोरनं हात बांधून बसायचं. खरी अडचण ही होती.

हवा दमट, कागद सादळायचा. ज्युलिया सकाळी भाकऱ्या झाल्या की गरम तव्याजवळ कागदाचे तुकडे मांडून ठेवी, कुरकुरीत झाले की घडी घालून पडवीत आणी. कागदाची तिहेरी घडी करायची, म्हणजे बोटाखाली तो घसरत नाही. फणसाची पिवळी धूळ तिच्या भुवयांवर बसे. तोंडाला जुनी ओढणी बांधलेली, डोळे लाल. वाडग्यात दोन जागा अशा असतात जिथे लाकडाचा धागा उभा कापला जातो आणि तिथे ते खरबडतं. त्या जागा ती आधी ऐंशी नंबरानं मोडी. मग एकशेवीस. मग लेथ थांबवून धाग्याच्या दिशेनं हातानं घासायचं, फडक्यानं धूळ पुसायची, मगच एकशेऐंशी. मग दोनशेवीस. मग तीनशेवीस. एका वाडग्यात सकाळचा चांगला वेळ जाई, आणि इसिडोर बाजूला स्टुलावर बसून पाय हलवत राही.

"झालं का?"

"नाही."

"गुळगुळीत तर लागतंय."

"तुला लागतंय."

दोन-तीन दिवस असं चाललं. रस्त्यानं जाता-येता नेव्हिल पडवीत डोकावे. "काय इसिडोर, आगेरा नाताळला ठेवायचा काय?" असं म्हणून स्वतःच हसे. तो गेला की इसिडोर लेथचा पट्टा उगाच घट्ट करत बसे.

शेवटी एका दुपारी त्यानं ज्युलियाच्या मांडीवरचे कागद उचलले आणि मधले सगळे बाजूला काढले. तिच्या हातात ऐंशी ठेवला आणि तीनशेवीस ठेवला.

"हा आणि हा. बस्स."

"अरे, मधलं कोण करणार?"

"कुणी नाही. तीनशेवीस जरा जास्त वेळ धर, झालं."

"तसं होत नाही," ज्युलिया म्हणाली. "ऐंशीनं पडलेला चरा एकशेवीसनं निघतो. एकशेवीसचा एकशेऐंशीनं. तीनशेवीस नुसतं वरवर गुळगुळीत करेल, खालचा चरा तसाच राहील. आत्ता कोरडं आहे म्हणून दिसणार नाही. तेल लागलं की दिसेल."

"तेल लागेपर्यंत वाडगे होतील तर ना! तू कागदाचे नंबर मोजत बस, तिकडे माझी वाट लागू दे."

"एक तरी ओल्या फडक्यानं पुसून बघू. पाण्यानंही कळतं."

"ओलं केलंस की लाकडाची लव उभी राहते, परत घासावं लागतं. आहे वेळ?" आणि मग, आवाज चढवून, "कातारी कोण आहे या घरात?"

हे बोलायची गरज नव्हती. बोलल्यावर त्याला ते कळलंही, पण शब्द तोंडातून निघून गेला होता. ज्युलियानं ओढणी परत नाकावर ओढली, ऐंशीची घडी घातली आणि लेथच्या खटक्याकडे मान केली. त्यानं लेथ सुरू केला.

त्यानंतर काम सपाट्यानं उरकलं. कातला, ऐंशी, तीनशेवीस, लेथमध्ये धरायची बुडाची खुंटी कापली, पुढचा. रात्री जेवताना इसिडोर म्हणे, "बघ, उगाच घाबरत होतीस," आणि ज्युलिया त्याच्या ताटात माशाचा तुकडा वाढी. आगेऱ्याच्या आदल्या दिवशी वाडगे हॉलमध्ये पोचले. पिवळेधमक, बोट फिरवलं तर रेशमासारखे. फादरांनी इसिडोरचा हात हातात घेतला. नेव्हिलही म्हणाला, "मानलं तुला."

रविवारी ऊन पडलं होतं. चर्चमध्ये मिस्सा झाली, ओंब्यांवर पाणी शिंपडलं, वाडगे वाटले गेले. लुगडी नेसलेल्या म्हाताऱ्या, साडीतल्या सुना, मनोरीच्या, कुर्ल्याच्या, लग्न होऊन गेलेल्या मुली, सगळ्या क्रुसाभोवती गोलात उभ्या राहिल्या. नातालीन मावशीनं क्रुसाची खूण केली आणि म्हणाली, "लावा." सगळ्यांनी तळव्यावर तेल घेतलं.

फणसाला तेल लागलं की पिवळा रंग गडद होतो, मधासारखा. इसिडोर त्याच क्षणाची वाट बघत पुढे उभा होता, हात मागे बांधून, छाती काढून. पहिल्यांदा किम्बर्ली बोलली, नेव्हिलची सून. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. "अंकल, हे आतमध्ये रिंगा रिंगा का आल्यात?"

मग दुसरी म्हणाली, माझ्यातही. मग तिसरी. एकेक वाडगा तेलानं गडद होत गेला तसे बहुतेक वाडग्यांच्या पोटात गोल गोल ओरखडे उठले, घासणीनं खरवडलेल्या पातेल्याच्या बुडाला उठतात तसे. कुणी पुसून बघितलं, कुणी आणखी तेल लावलं. आणखी तेलानं ते आणखी दिसले. एका बाईनं वाडगा उन्हात तिरपा धरला आणि लगेच खाली केला, जणू तिचंच काही उघडं पडलं होतं. बँडवालेसुद्धा बघायला पुढे आले.

"काय रे इसिडोर?" नेव्हिलनं विचारलं. त्यानं मोठ्यानं विचारलं नव्हतं, पण सगळे गप्प होते म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

सगळी पाखाडी इसिडोरकडे बघत होती, फादर बघत होते. त्याच्या तोंडून निघालं, "मी कातून देतो. घासकाम हिचं."

माना वळल्या. ज्युलिया गोलात चौथी की पाचवी उभी होती. एका हातात वाडगा, दुसऱ्या हाताच्या खळग्यात तेल. तिनं नवऱ्याकडे बघितलं, फार वेळ नाही.

"हो," ती म्हणाली. "घासकाम माझं."

ते खरंही होतं. इसिडोरनं मान खाली घातली आणि लोकांना वाटलं, बिचाऱ्याला बायकोची लाज वाटतेय. लाज वाटतच होती त्याला, पण बायकोची नव्हे. त्याला त्या मातीत गाडून घ्यावंसं वाटलं.

सोमवारपासून बाया वाडगे परत घेऊन येऊ लागल्या. भांडायला कुणी आली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. सगळ्या गोडच बोलल्या. एक म्हणाली, "ज्युलिया, मनाला लावून घेऊ नको गं, वय होतं माणसाचं." दुसरी घाटकोपरच्या डोळ्यांच्या डॉक्टरचा नंबर देऊन गेली. नातालीन मावशीनं तिची बोटं हातात घेऊन निरखली आणि म्हणाली, "कसं बोट होतं तुझं, ज्युले. तुझा सासरा नाव काढायचा." ज्युलिया सगळ्यांना म्हणाली, "ठेवून जा, नीट करून देते." इसिडोर लेथच्या मागे चाकाच्या आसाला तेल घालत होता. तीच जागा तो सकाळपासून तेलवत होता. दुपारी नेव्हिल येऊन त्याच्या खांद्यावर थोपटून गेला. "तुझी काय चूक रे. घरचं माणूस, बोलणार तरी काय!"

वाडग्यांच्या बुडाच्या खुंट्या कापलेल्या, त्यामुळे ते परत लेथवर चढणार नव्हते. आता सगळं हातानं. ज्युलियानं पडवीत गोणपाट अंथरलं. तेलानं कागद भरून जातो, म्हणून आधी प्रत्येक वाडगा थिनरनं दोनदा पुसायचा. मग तो मांडीत धरायचा आणि एकशेवीसनं धाग्याच्या दिशेनं घासत राहायचं, रिंग दिसेनाशी होईपर्यंत. फिरत्या लेथवर जे चुटकीसरशी झालं असतं त्याला आता तास-दीड तास लागे. तिचा कोपर सुजला. बोटांच्या टोकांची सालटी निघाली, त्यावर ती चिकटपट्टी लावी, पण चिकटपट्टीतून चरा कळेना म्हणून परत काढून टाकी.

दुसऱ्या दिवशी इसिडोर तिच्यासमोर येऊन बसला. न विचारता एक वाडगा घेतला आणि कागद उचलला.

"तो नको," ज्युलिया म्हणाली. "ऐंशीचेच तर चरे काढतोय. एकशेवीस घे."

त्यानं एकशेवीस घेतला. घासला, घासला, मनगट भरून आलं. वाडगा तिच्यापुढे ठेवला. तिनं आत बोट फिरवलं आणि तो परत त्याच्याकडे सरकवला. "उजवीकडे राहिलंय." त्यानं परत घासला. तिनं परत सरकवला. रस्त्यानं माणसं जात होती, बघत होती. इसिडोर कातारी बायकोसमोर मांडी घालून बसलाय आणि ती त्याचं काम परत करतेय, हे सगळ्यांना दिसत होतं. त्याला वाटलं, बघू दे. मग कुणी ओळखीचं दिसलं की त्याची मान आपोआप खाली जाई, आणि त्याचीही त्याला लाज वाटे.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्याला राहवेना. "ज्युलिया, चुकलो मी."

ती धूळ पुसत होती. "मला काय सांगतोस? मला ठाऊकच आहे."

बस, एवढंच. ती रागानंसुद्धा बोलली नव्हती.

वाडगे व्हायला पुढचा रविवारही गेला. आता त्यांच्यात कुठे ओरखडा नव्हता. ज्युलियानं ओलं फडकं फिरवून एकेक उन्हात बघितला होता, लव उठली ती चारशेनं उतरवली होती. त्याच्या पुढच्या रविवारी मिस्सेनंतर इसिडोरनं ते टोपलीत भरले. "मी देऊन येतो," म्हणाला. "आणि सांगून येतो." ज्युलियाच्या मांडीत शेवटचा वाडगा होता, त्यांच्या स्वतःच्या घरचा. तिनं मान वर केली नाही.

पहिलं दार नातालीन मावशीचं. वाटेत त्यानं वाक्य जुळवून ठेवलं होतं. मावशीनं वाडगा घेतला, आत हात फिरवला, समाधानानं मान हलवली. इसिडोर म्हणाला, "मावशी, ऐका. मधले कागद मीच काढून टाकले. ज्युलिया नको नको म्हणत होती. तिची काही चूक नव्हती."

मावशीनं त्याच्याकडे बघितलं आणि तिचे डोळे भरून आले. "शाबास रे, बाबा. तुझा बाप असाच होता. बायकोचं उणं कधी चारचौघांत येऊ दिलं नाही."

"नाही मावशी, खरंच सांगतोय."

"असू दे, असू दे. कळतं मला."

दुसऱ्या दाराशीही तसंच झालं. तिसऱ्या दाराशी त्याच्या आधी मावशीची नात ही बातमी घेऊन पोचली होती, तिथल्या बाईनं त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही, नवऱ्याला हाक मारली आणि म्हणाली, "ये, शिक जरा." इसिडोर प्रत्येक दारात जास्त मोठ्यानं बोलू लागला. जितकं मोठ्यानं बोले तितकं लोकांना त्याचं जास्तच कौतुक वाटे. टोपली हलकी होत गेली आणि त्याला पायरी चढणं जड होत गेलं.

नेव्हिलच्या ओट्यावर पाचसहा जण बसले होते. किम्बर्लीनं वाडगा घेऊन सगळ्यांना दाखवला. इसिडोर बसला नाही. "नेव्हिल, मी त्या दिवशी सगळ्यांसमोर खोटं बोललो."

"खोटं कुठे बोललास?" नेव्हिल हसला. "घासकाम तिचंच ना? ती स्वतःच म्हणाली."

"म्हणाली, पण..."

"अरे, बस रे. आम्हाला काय समजत नाही? तीस वर्षं संसार केलायस, बायकोला नाही सांभाळणार तर कुणाला! नशीबवान आहे ज्युलिया." त्यानं आत हाक मारली आणि घरी केलेली वाईन आली, बशीत मैद्याचे तळलेले फुगे आले. कुणीतरी इसिडोरचा खांदा धरून त्याला खुर्चीत दाबलं. "इसिडोरच्या नावानं," नेव्हिल म्हणाला, आणि सगळ्यांनी ग्लास उचलले. इसिडोरनं ग्लासकडे बघितलं. उठून जावं असं त्याला वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण सगळे हसतमुखानं थांबले होते. त्यानं ग्लास तोंडाला लावला. मग एक फुगाही खाल्ला.

तो घरी आला तेव्हा ज्युलिया पडवीतच होती, गोणपाट झटकत.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

थाप मारावी, असं एकदा त्याच्या मनात येऊन गेलं. "म्हणाले, चांगला नवरा आहेस."

ज्युलियाचा हात थांबला. "आणि तू?"

"वाईन घेतली."

ती आता चिडेल, निदान गोणपाट तरी आपटेल, असं त्याला वाटलं. मनातून त्याला तेच हवं होतं. तिनं गोणपाटाची घडी केली, लेथवर ठेवली.

"त्या दिवशी तू नुसता गप्प राहिला असतास तरी चाललं असतं," ती म्हणाली. "मी सांगणारच होते, कागद खराब निघाला म्हणून. तोंड उघडलंच होतं मी. तुझं नाव जायला नको, एवढंच माझ्या मनात होतं."

मग ती जेवण गरम करायला आत गेली.

इसिडोर पडवीत तसाच उभा राहिला. आतून स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला, ताटं काढल्याचा आला. नेहमीसारखी दोन ताटं. तोंडात वाईनची गोडी अजून होती, आणि ती थुंकून टाकायचीसुद्धा त्याला लाज वाटत होती.